नावांची वही: चौलला आलेल्या जहाजावरचे रोमन

१४ जून २०२५

श्राव्य मालिकेच्या पहिल्या भागांचा मसुदा हातात आला. काळ इसवी सन ५० च्या आसपासचा, रोमच्या गादीवर क्लॉडियस. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातून निघालेलं जहाज मोसमी वाऱ्यावर सेमुल्लाला, म्हणजे आपल्या रायगडातल्या चौलला लागतं. स्थळांची चिंता नाही. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी टिपणात बारीगाझा म्हणजे भडोच, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमुल्ला, पैठण, तगर म्हणजे तेर, सगळे आहेत.

पात्रांच्या नावांचं काम मात्र पुरतं बाकी आहे. नायकाला तात्पुरतं नाव दिलंय ‘मॅक्सिमस ऑरेलियस व्हॅलोरस’. दिग्दर्शक ताईंना ते आवडलंय. “ऐकल्याबरोबर रोमन वाटतो की नाही?” म्हणाल्या. वाटतो, खरंच. पण त्या काळात रोमन नाव ही नुसती कानाची गोष्ट नव्हती. बाप कोण, घराणं कोणतं, गुलाम होतास तर तुला मोकळं कुणी केलं, हे सगळं नावातच सांगितलेलं असे. ऐकणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल, तरी आपल्याला ठाऊक असायला हवं, नाहीतर गोष्टच पोकळ होते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या आधी प्रत्येक नाव तपासून घ्यायचं ठरवलं. ही वही त्यासाठी.

१६ जून

तात्पुरत्या नावाचे तीन तुकडे सुटे करून पाहिले.

रोमन पुरुषाच्या नावाचे साधारण तीन भाग: व्यक्तिनाम, कुलनाम, उपनाम. पहिल्या भागात निवडीला वावच नाही. रूढ व्यक्तिनामं जेमतेम दीड डझन: गाइउस, लूकिउस, मार्कुस, पूब्लिउस, क्विन्तुस, तितुस, ग्नाइउस, आउलुस, सेक्स्तुस अशी. इतकी ठरलेली, की शिलालेखांत ती एकदोन अक्षरांतच लिहितात. गाइउससाठी ‘जी’ नव्हे, ‘सी’ कोरतात, कारण जुन्या लॅटिन लिपीत एकच अक्षर ‘क’ आणि ‘ग’ दोन्हींचं काम करायचं आणि संक्षेपात ती जुनी सवय टिकून राहिली. ‘मॅक्सिमस’ हे या यादीतलं नाव नाही. ते उपनाम, म्हणजे शेवटी येणारं.

ऑरेलियस हे कुलनाम खरं आणि जुनंही आहे. पण ते ऐकताच माहितगाराला तिसरं शतक आठवतं. इसवी सन २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं. त्याचं स्वतःचं अधिकृत नाव मार्कुस ऑरेलिउस अन्तोनीनुस, त्यामुळे नव्या नागरिकांनी तेच कुलनाम लावलं आणि जिकडेतिकडे ऑरेलियस झाले. इसवी सन ५० मधल्या साध्या व्यापाऱ्याच्या तोंडी ते घातलं, तर काळ चुकल्याचा भास होतो. कुलनामालाही तारीख असते, हे या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं ज्ञान.

राहिला ‘व्हॅलोरस’. हे नाव इंग्रजीतल्या शौर्याच्या शब्दावरून घडवल्यासारखं दिसतं. अभिजात लॅटिनमध्ये ‘वालोर’ हे नामच वापरात नव्हतं, ते फार उशिरा आलं. त्या धातूपासून रोमनांनी बनवलेली नावं वालेरिउस आणि वालेन्स. शेवटी ‘अस’ लावलं की नाव लॅटिन होतं, असं नाही. आपल्याकडे कुठल्याही शब्दाला ‘कर’ जोडून आडनाव बनवलं, तर ते कोकणातल्या माणसाला लगेच कळेल की या नावाचं गावच नाही. तसंच हे.

तिन्ही तुकडे बाद.

२१ जून

नायक कोण, हे नक्की झाल्याशिवाय नाव ठरणार नाही. संहितेत तो एका मोठ्या व्यापारी घराचा आडत्या आहे: माल विकतो, मिरी आणि कापड घेतो, हिशेब मालकाला देतो. असा माणूस त्या काळी बहुधा मोकळा केलेला गुलाम असायचा. याला आधारही चांगला आहे. रोमन लेखक प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात अन्निउस प्लोकामुस नावाच्या माणसाची हकिकत दिली आहे. तांबड्या समुद्रावरच्या वसुलीचा मक्ता याच्याकडे होता. त्याचा एक मुक्त गुलाम अरबस्तानाला वळसा घालताना वाऱ्यात सापडून पंधराव्या दिवशी थेट ताम्रपर्णीला, म्हणजे श्रीलंकेला पोचला. त्याच घरच्या दुसऱ्या एका माणसाने आपलं नाव खडकावर कोरून ठेवलंय. इजिप्तच्या वाळवंटात, कोप्तोसहून बेरेनिकेला जाणाऱ्या वाटेवर, वादी मेनिहमध्ये: लीसास, पूब्लिउस अन्निउस प्लोकामुसचा गुलाम, इथे आला. ग्रीकमध्येही कोरलंय आणि लॅटिनमध्येही. तारीखसुद्धा आहे, ती आपल्या हिशेबाने ५ जुलै, इसवी सन ६. उन्हात, प्रवासाच्या मुक्कामावर बसून एका गुलामाने दोन भाषांत आपलं येणं नोंदवलं. हे वाचलं आणि नायकाला ‘व्हॅलोरस’सारखं भारदस्त नाव देण्याची इच्छाच संपली.

मुक्त गुलामाच्या नावाचा नियम स्पष्ट आहे. ज्याने मोकळं केलं त्याचं व्यक्तिनाम आणि कुलनाम घ्यायचं, आणि गुलामीत ज्या नावाने हाक मारायचे ते मागे उपनाम म्हणून ठेवायचं. जन्मतः नागरिक असलेला माणूस मध्ये ‘अमक्याचा मुलगा’ लिहितो, मुक्त गुलाम ‘अमक्याचा मुक्त’ लिहितो. गुलामांची नावं बरेचदा ग्रीक असत, गुलाम कुठूनही आलेला असो. म्हणजे खऱ्याखुऱ्या रोमन नावाचा शेवट ग्रीक असण्याची शक्यता भरपूर.

हेर्कुलानेउमच्या राखेखाली सापडलेल्या मेणपाट्यांवर असाच एक माणूस भेटतो: लूकिउस वेनिदिउस एन्निखुस. पुढचे दोन भाग इटलीतले, मागचा अस्सल ग्रीक. त्याची सुटका कायद्याच्या पूर्ण रीतीने झाली नव्हती. अशा लोकांना ‘युनियन लॅटिन’ म्हणत: मोकळे, पण पूर्ण नागरिक नाहीत. एन्निखुसने लग्न केलं, मुलगी झाली, ती वर्षाची झाल्याचं दाखवून त्याने आणि बायकोने इसवी सन ६२ मध्ये नागरिकत्व मिळवलं. ही कागदपत्रं त्याने जपून ठेवली, म्हणून ७९ च्या वेसूवियसच्या उद्रेकानंतरही ती आपल्यापर्यंत आली.

आमचा नायक याच वर्गातला करायचा. ताईंशी फोनवर बोलले. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “म्हणजे नावात लॅटिन आणि ग्रीक दोन्ही? मग बोलताना त्याच्या दोन भाषा ऐकू आल्या पाहिजेत.” अगदी बरोबर.

२९ जून

कुलनामावर सगळा आठवडा गेला. आधी मनात होतं की नवं कुलनाम घडवावं, म्हणजे कुठल्या खऱ्या घराण्यावर गोष्ट लादली जाणार नाही. घडवण्याच्या वाटा आहेत. व्यक्तिनामापासून कुलनाम निघतं: मार्कुसपासून मार्किउस, सेक्स्तुसपासून सेक्स्तिउस, क्विन्तुसपासून क्विन्क्तिउस. शेवटावरून प्रदेशही कळतो. बहुतेक कुलनामांना ‘-इउस’ असतं; ‘-एनुस’ दिसलं तर पिकेनुम आणि उंब्रियाकडचा वास येतो; काइकिना, पेर्पेर्नासारख्या ‘-ना’मागे एत्रुस्कन लोक असतात. दक्षिणेतल्या ऑस्कन भाषकांची वेगळी: पोम्पेइउस आणि पोन्तिउस ही नावं त्यांच्या ‘पाच’ या अंकाशी जोडलेली, जसं लॅटिनमधलं क्विन्क्तिउस.

मग ध्वनींची चाळणी. लेखनसाहाय्य करणाऱ्या मित्राने ‘वालोसिउस’ सुचवलं. मला ते खटकलं, आणि का खटकलं ते नीट मांडून ठेवते. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला एकटा ‘स’ कालांतराने ‘र’ झाला. सात्रिकुम इथे १९७७ मध्ये मिळालेल्या शिलालेखात ‘पोप्लिओसिओ वालेसिओसिओ’ असं आहे, म्हणजे पूब्लिउस वालेरिउसचं षष्ठीचं रूप, इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचं. वालेसिउसचा वालेरिउस झाला, पापिसिउसचा पापिरिउस झाला. तेव्हा पहिल्या शतकातल्या नावात स्वरांमध्ये एकटा ‘स’ टिकून असेल, तर नाव बाहेरचं असावं असा कयास बांधायचा: साबिनी, उंब्रियन किंवा ग्रीक. वेस्पासिआनुस, म्हणजे सम्राट वेस्पासियन, हे त्याचं ठळक उदाहरण, त्याची आई साबिनी मुलखातल्या नुर्सियाची. म्हणजे ‘वालोसिउस’ अशक्य नाही, पण मग त्या पात्राला तशी जन्मभूमी द्यावी लागेल. गोष्टीत तशी गरज नाही.

शेवटी नवं घडवण्याचा बेत सोडला. दुर्मीळ कुलनाम उलट एखाद्याच घराण्याकडे बोट दाखवतं. सर्रास आढळणारं घेतलं, तर हजारो लोकांत आपला माणूस सहज मिसळतो. वीबिउस घेतलं. ऑस्कन मुळाचं, दक्षिण इटलीत भरपूर पसरलेलं, आणि आमचं व्यापारी घर पुतेओली बंदरातलं, नेपल्सजवळचं. पूर्वेकडचा माल तिथेच उतरायचा.

उपनाम हिलरुस. मूळ ग्रीक, अर्थ आनंदी, गुलामांमध्ये खूप चालणारं.

लूकिउस वीबिउस हिलरुस.

१ जुलै

ताईंना नाव पसंत. त्यांनी एक चांगली सूचना केली: मालक बाईमाणूस का नको?

६ जुलै

मालकीण ठरली, आणि तिच्यामुळे नायकाच्या नावाला जी खोली आली ती मला आधी सुचलीच नसती.

या काळात रोमन स्त्रीला व्यक्तिनाम बहुधा नसायचंच. वीबिउस घराण्यातली मुलगी ती वीबिया, तिची बहीण वीबिया, आत्याही वीबिया. घरात ओळखायला मोठी, धाकटी, पहिली, दुसरी, तिसरी. श्राव्य माध्यमात हे कठीण, चेहरा दिसत नाही आणि तीन वीबिया बोलायला लागल्या तर ऐकणारा हरवतो. सुदैवाने पहिल्या शतकात स्त्रियाही उपनाम लावत होत्या. तेर्तुल्ला निवडलं, ‘तिसरी’चं लाडकं रूप. सम्राट वेस्पासियनच्या आजीचंही हेच नाव होतं, तिने त्याला लहानाचं मोठं केलं. म्हणजे काळ आणि वर्ग दोन्ही जुळतात. वीबिया तेर्तुल्ला.

आता प्रश्न: स्त्रीला व्यक्तिनाम नसेल, तर तिने मोकळ्या केलेल्या गुलामाने व्यक्तिनाम कुणाचं घ्यायचं? तिच्या वडिलांचं. आणि दगडावर ‘अमक्याचा मुक्त’ लिहिताना जिथे मालकाच्या व्यक्तिनामाचं आद्याक्षर येतं, तिथे बाईसाठी उलटा ‘सी’ कोरतात. सरळ ‘सी’ म्हणजे गाइउस, उलटा ‘सी’ म्हणजे गाइया, कुठलीही स्त्री. दगड कोरणाऱ्याने मुद्दाम छिन्नी उलटी फिरवून काढलेलं ते अक्षर छायाचित्रांत मोठं करून पाहिलं. कमान उजवीकडे फुगलेली, पुढे बारीक ठिपका, मग मुक्ताचं ‘एल’. ज्या बाईचं स्वतःचं व्यक्तिनाम नोंदवायला जागा नाही, तिच्यासाठी लिपीने एक खूण राखून ठेवली. मालिकेत हिलरुस आपल्या मोहरेवर ही खूण कोरून घेतो, असा प्रसंग लिहिला.

तेर्तुल्ला जहाजात पैसा का घालते, याचंही उत्तर इथेच मिळालं. क्लॉडियसने धान्याची जहाजं बांधणाऱ्यांना सवलती दिल्या होत्या. स्त्रियांना चार मुलांच्या आईचे हक्क. लॅटिन दर्जाच्या माणसाला नागरिकत्व, अट अशी की किमान १०,००० मोदिउसचं, म्हणजे पासष्ट-सत्तर टन गव्हाचं जहाज बांधून सहा वर्षं रोमला धान्य पोचवायचं. मालकिणीला हवे ते हक्क आणि मुक्ताला हवं ते नागरिकत्व एकाच जहाजातून मिळू शकतं. चौलची सफर ही त्या जहाजासाठी भांडवल उभारायची धडपड. कथेचा कणा नावातून निघाला, याचा फार आनंद आहे.

१२ जुलै

लेखनाचे नियम पक्के केले. संहितेत इंग्रजी वळणाची रूपं नकोत.

लॅटिन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखे. तेव्हा टायटस नाही, तितुस. ‘सी’ नेहमी ‘क’, त्यामुळे लूकिउस. ज्या अक्षराला आपण ‘व्ह’ लिहितो त्याचा उच्चार ‘व’ जवळचा, म्हणून वीबिउस, वालेरिउस. ग्रीक नावांतले ‘फ’, ‘थ’, ‘ख’ हे महाप्राण, ते देवनागरीत जसेच्या तसे बसतात. रोमन लिपीला दोन दोन अक्षरं जोडावी लागतात, आपल्याला नाही. ऱ्हस्व-दीर्घही नोंदवता येतं.

आघाताचा नियम नटांना लघु-गुरूने समजावला. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. वृत्तांचे गण शिकलेल्या कुणालाही हे पाच मिनिटांत येतं: तेर्-तुल्-ला, जोडाक्षरामुळे ‘तुल्’ गुरू, आघात तिथे. हि-ल-रुस, मधला ‘ल’ लघु, आघात ‘हि’वर.

पण इथे मराठी जिभेची अडचण आली. ‘हिलरुस’ लिहिलं की नट ‘हिल्‌रुस’ वाचतो, मधला अकार गिळतो. तो वाचावा म्हणून ‘हिलारुस’ लिहिलं की ‘ला’ दीर्घ होऊन आघात तिकडे सरकतो. संहितेत ‘हि·ल·रुस’ असं ठिपके देऊन छापायचं ठरलं. जहाजाचा ग्रीक तांडेल मात्र त्याला ‘हिलरोस’ म्हणेल आणि शेवटावर जोर देईल, कारण ग्रीकमध्ये तो तिथेच आहे. एकाच माणसाला दोन हाका, ताईंना हव्या होत्या त्या दोन भाषा.

संबोधनही वापरायचं. मार्कुसला हाक मारताना ‘मार्के’, वीबिउसला ‘वीबी’. मराठीत आपण रामला ‘रामा’ म्हणतोच, ऐकणाऱ्याला अडणार नाही. निवेदनात मात्र क्लॉडियस, वेस्पासियन ही परिचित रूपं राहू द्यायची. तिथे हट्ट केला तर माणूस ओळखू येणार नाही.

१९ जुलै

आता खोट्या नावाचा माणूस. बेरेनिकेत जहाजावर चढणारा हा व्यापारी स्वतःला रोमन नागरिक म्हणवतो, पण तो नाही. रोमन चरित्रकार सुएतोनिउस लिहितो की क्लॉडियसने परकीय दर्जाच्या लोकांना रोमन कुलनामं लावायला बंदी केली, आणि जे नागरिक असल्याचं सोंग करत त्यांची एस्क्विलिन मैदानात कुऱ्हाडीने डोकी उडवली. आपल्या गोष्टीच्या काळातच! लॅटिन नाव अस्सल आहे का, हा प्रश्न तेव्हा जिवावरचा होता.

ताईंचं मत: त्याचं नाव ऐकणाऱ्याला थोडं खोटं वाटावं. मला ते पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. ज्याच्या मानेवर कुऱ्हाड आहे तो कच्चं नाव कशाला घेईल? तो सगळ्यात गर्दीचं कुलनाम घेईल. पूर्वेत ज्यांना सीझर आणि ऑगस्टसकडून नागरिकत्व मिळालं त्या घराण्यांनी यूलिउस लावलं, त्यामुळे यूलिउस पैशाला पासरी. गाइउस यूलिउस क्रिस्पुस. व्यक्तिनाम यादीतलं, कुलनाम सम्राटांचं, उपनाम शुद्ध लॅटिन, कुरळ्या केसांचा. आमच्या सगळ्या पात्रांत सर्वांत लॅटिन वाटणारं नाव हेच, आणि ते खोटं आहे. नायकाचं नाव शेवटी ग्रीक, आणि ते खरं आहे. मालिकेला माझ्या मते हेच सांगायचंय.

मग तो पकडला कसा जातो? उच्चारावरून नाही. नागरिकाच्या पूर्ण नावात दोन गोष्टी आणखी येतात, वडिलांचं व्यक्तिनाम आणि मतदार जमात. जमाती ३५, प्रत्येकीचा संक्षेप ठरलेला. किकेरोचं, म्हणजे सिसेरोचं, पूर्ण नाव लिहिताना मार्कुसचा मुलगा आणि कोर्नेलिया जमात हे मध्ये येतं. हिलरुस स्वतः युनियन लॅटिन, त्याला जमात नाही, आणि आपल्याला जमात नाही हे त्याला रोज बोचतं. म्हणून क्रिस्पुसने जमात सांगताना घेतलेला थोडा जास्तीचा वेळ फक्त त्याच्याच लक्षात येतो. तो प्रसंग आज लिहून संपवला. संवाद अगदी कमी आहेत. हिलरुस विचारतो, “यूलिउस, तुझी जमात कोणती?” पुढे समुद्राचा आवाज, दोर ओढल्याचा आवाज, आणि उशिरा आलेलं उत्तर. उत्तर बरोबर की चूक हे ऐकणाऱ्याला कळायची गरजच नाही. हिलरुस त्याला पुढे ‘यूली’ म्हणणं सोडतो आणि नुसतं ‘क्रिस्पे’ म्हणतो.

२ ऑगस्ट

चौलच्या किनाऱ्यावरची माणसं. इथे लॅटिन नावं कुणाच्या तोंडी तशी राहणार नाहीत. ग्रीक राजा मेनान्द्रोस आपल्याच नाण्यांवर खरोष्ठीत ‘मेनद्र’ आहे आणि पालीत ‘मिलिंद’. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांनी, दाने कोरून ठेवलीत, नावं ‘सिहधय’, ‘धम’. नाशिकच्या लेण्यात योनक धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. ही माणसं यवन म्हणवून घेतात आणि नाव इथलं लावतात. त्यांच्यावर कुणाची कुऱ्हाड नव्हती.

तेव्हा चौलला बऱ्याच वर्षांपूर्वी उतरून इथलाच झालेला एक म्हातारा दलाल घातला. तो स्वतःला ‘धम’ म्हणतो. हिलरुस त्याला त्याचं आधीचं नाव विचारतो, तेव्हा तो मिरीचा भाव सांगतो. या पात्राला ग्रीक किंवा लॅटिन नाव द्यायचंच नाही, संहितेच्या पात्रयादीतसुद्धा नाही. ताईंनी ते लगेच मान्य केलं.

नावांची यादी आज नटांना पाठवली, ठिपक्यांसह. जहाजाचं नाव तेवढं राहिलंय. केरळातल्या मुझिरिस बंदराच्या व्यापाराचं जे करारपत्र सापडलंय, त्याच पपायरसवर ‘हर्मापोल्लोन’ नावाचं जहाज आहे, तसं दोन देवांचं जोडनाव करावं असा विचार आहे. मंगळवारी बैठकीत तेर्तुल्लाचं काम करणाऱ्या अभिनेत्रीलाच विचारायचं, जहाज तिचं आहे.